अठरा सेकंदांचा आळ

कीर्तनात बुवा उभे असतात आणि पेटीवाला बसलेला असतो. हार बुवांच्या गळ्यात पडतो, बुक्का बुवांच्या कपाळी लागतो, लोक डोके बुवांच्या पायांवर ठेवतात. आणि ज्याने दोन तास भाता हलवून बुवांचा सूर खाली पडू दिला नाही, त्याच्याकडे कोणी मान वळवूनही पाहत नाही. एकोणतीस वर्षे मी असा उभा राहिलो, आणि एकोणतीस वर्षे माझ्या डाव्या हाताला, दोन पावले मागे, गोपाळकृष्ण खांबेटे बसले. माझा सूर काळी दोन. मी नमनाला हात जोडले की मागून काळी दोन यायची, जशी देवळात गेल्यावर समईची ज्योत दिसायची. एकदाच, एकाच वेळी, त्यांनी मला दुसरा सूर दिला. तो का दिला, ते सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

गोपाळराव कसबा पेठेत दोन खोल्यांत राहत आणि पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात सूर लावण्याचे काम करीत. पेटीतला सूर म्हणजे पितळेची बोटभर पट्टी. ती टोकाशी कानशीने घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. हे ज्ञान एका दिवसात होते. घासायचे कधी थांबवावे, हे कळायला जन्म जातो. गोपाळरावांना ते कळत असे. घासता घासता ते एकदम थांबत, पट्टीवर फुंकर घालत, आणि म्हणत, "झालं. आता हा खोटं बोलणार नाही."

त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई. त्यांचे वडील रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतर त्यांनी आपले खिशातले घड्याळ मुलीला लग्नात दिले. जावयाला नव्हे, मुलीला. मंदाकिनीबाई रोज सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या ठोक्याला ते घड्याळ लावून पाहत, आणि चार दिवसांत त्यात दोन सेकंदांचा फरक पडला तर त्यांच्या कपाळाला आठी पडे. कोणी शंका घेतली की त्यांचे एकच उत्तर असे. "गार्डाच्या मुलीचं घड्याळ आहे. गाडी चुकेल, हे चुकणार नाही."

देश स्वतंत्र झाला, साहेब लोक गेले, लष्कर भागातले बंगले रिकामे झाले आणि त्यांचे सामान जुन्या बाजारात येऊन पडले. अठ्ठेचाळीस साली गोपाळराव तिथे भात्यासाठी चामडे शोधायला गेले आणि किल्लीचा ग्रामोफोन व जाड तबकड्यांचे दोन डबे घेऊन आले. दोन्ही डब्यांवर एकाच रचनेचे नाव होते. विकणारा भैरू प्रामाणिक गडी होता. तो म्हणाला, "दोन्ही एकच हायेत, मालक. एकच न्या की."

गोपाळराव म्हणाले, "एकाच कारखान्याच्या दोन पेट्या एकसारख्या वाजत नाहीत, भैरू. दोन्ही बांध."

ती रचना एका जर्मन संगीतकाराची सिंफनी होती. त्याचे नाव गोपाळराव घेत नसत. कुळाच्या आद्य पूर्वजाला म्हणावे तसे ते त्याला 'मूळपुरुष' म्हणत. मी साठ साली त्यांच्या सोबतीला आलो, तेव्हा सिंफनी म्हणजे काय, हे मला त्यांनीच समजावले. सत्तर-ऐंशी वादक, गाणारा कोणी नाही, शब्द एकही नाही. सगळी रचना चार भागांत, दीडशे वर्षांपूर्वी कागदावर लिहून ठेवलेली. त्यातला स्वर इकडचा तिकडे करण्याची कोणाला मुभा नाही. समोर एक माणूस हातात काठी घेऊन उभा असतो. त्याच्या काठीवर सगळे चालतात. तो स्वतः मात्र काहीच वाजवत नाही.

"म्हणजे तुमच्यासारखाच, बुवा," ते म्हणाले.

मी विचारले, "सगळं लिहिलेलंच आहे, तर एका डब्यापेक्षा दुसरा ऐकायचा कशाला?"

"आख्यान तेच असतं ना? तुम्ही सांगता तेव्हा बायका डोळे पुसतात. शेजारच्या देवळातले बुवा तेच सांगतात, तेव्हा बायका चपला शोधतात."

जो अर्थ मला चार शास्त्रे वाचून कळला नसता, तो तेव्हा कळला. भगवंत एक, कथा एक. सांगणाऱ्याचा श्वास वेगळा. म्हणूनच ते त्या काठीवाल्यांनाही बुवाच म्हणत. त्यांची परदेशी नावे जिभेवर बसत नसत, म्हणून गावांवरून ओळखत. दोन डब्यांतले एक बर्लिनचे बुवा, दुसरे व्हिएन्नाचे. पुढे अठरा वर्षांत लंडनचे आणि ॲमस्टरडॅमचेही त्या दोन खोल्यांत वस्तीला आले.

दर रविवारी जेवणे आटोपली की खोलीत ऐकण्याचा विधी होई. विधी म्हणतो, कारण त्यात पूजेइतकी शिस्त होती. मंदाकिनीबाई तबकडी मऊ फडक्याने पुसून देत. गोपाळराव किल्ली भरत, नवी सुई लावत. एका बाजूला चार-साडेचार मिनिटांचेच संगीत, त्यामुळे एकेक भाग दोन-तीन बाजूंत विभागलेला. मंदाकिनीबाई मांडीवर घड्याळ घेऊन बसत. पहिला स्वर निघाला की सेकंदकाटा टिपत, शेवटचा विरला की पुन्हा टिपत, आणि तीन बाजूंची बेरीज करून निळ्या वहीत लिहीत. तिथे एका रकान्यात बुवा, दुसऱ्यात भाग, तिसऱ्यात वेळ. चौथ्यात गोपाळराव दोन ओळी सांगत आणि बाई त्या उतरवून घेत. एक नोंद मला पाठ आहे: 'दुसरा भाग. बर्लिनचे बुवा दुःख सांगतात. व्हिएन्नाचे बुवा दुःख सांगायला येतात आणि दारातच थांबतात.'

त्या दुसऱ्या, संथ भागाविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. एक्कावन्न साली त्या दोघांना एक मुलगी झाली आणि अकराव्या दिवशी गेली. पुढे मूल झाले नाही. समाचाराला आलेल्या प्रत्येकाला घाई होती. कोणी म्हणे पुढच्या वर्षी होईल, कोणी म्हणे देवाची इच्छा, कोणी म्हणे आता उठा, कामाला लागा. मंदाकिनीबाई भिंतीला टेकून बसलेल्या असत. अशाच एका दुपारी गोपाळरावांनी काही न बोलता व्हिएन्नाच्या बुवांचा संथ भाग लावला. तिन्ही बाजू संपल्या. बाई म्हणाल्या, "हा माणूस घाई करत नाही." आणि त्या उठल्या व त्यांनी आंघोळीचे पाणी तापत ठेवले.

म्हणून वहीतला तो आकडा दोघांना देवाच्या टाकासारखा होता. व्हिएन्नाचे बुवा, दुसरा भाग, दहा मिनिटे पाच सेकंद. बर्लिनचे बुवा नऊ मिनिटे पंचावन्न. चारही बुवांत सर्वांत धीराचे व्हिएन्नाचे, हे त्या घरात सिद्ध झालेले सत्य होते.

आता एक बारीक गोष्ट सांगतो. तिच्यावरच पुढचे सारे उभे आहे. ग्रामोफोनला वेग कमी-जास्त करण्याचा एक लहानसा दांडा असतो. तबकडी जोरात फिरली की सूर चढतो आणि लय वाढते. हळू फिरली की दोन्ही उतरतात. व्हिएन्नाची तबकडी दांड्याच्या नेहमीच्या खुणेवर वाजवली, की तिचा सूर पांढरी एक आणि काळी एक यांच्या मधल्या फटीत पडे. जन्मभर सूर लावणाऱ्याला ते कसे सोसावे? गोपाळराव पेटी जवळ घेत, पांढरी एक धरून ठेवत, आणि तबकडीचा सूर पेटीच्या सुरात विरघळेपर्यंत दांडा केसभर मागे घेत. मगच बाई घड्याळ धरत.

मी विचारले, "कशावरून पांढरी एकच?"

"डब्यावर 'सी' छापलंय. सी म्हणजे आपली पांढरी एक, एवढं इंग्रजी पेटीवाल्याला येतं. बुवा बदलतील, मूळपुरुषाचा सूर कसा बदलेल?" मग पेटीवर थाप मारून म्हणाले, "आणि हिच्यातले सूर जर्मनीतूनच आलेले आहेत. ही त्यांच्या माहेरची."

सहासष्ट साली डेक्कनवरच्या एका बंगल्यात गोपाळराव पेटी दुरुस्त करायला गेले. बंगला प्रोफेसर शरच्चंद्र गोवंडे यांचा. प्रोफेसर पदार्थविज्ञान शिकवीत आणि त्यांच्या दिवाणखान्यात महिन्यातून एकदा पाश्चात्त्य संगीत ऐकणारी मंडळी जमत. कपाटात व्हिएन्नाच्या बुवांचा तोच डबा पाहून गोपाळरावांना राहवले नाही. त्यांनी वहीविषयी सांगितले. प्रोफेसरांना कौतुक वाटले. "पुढच्या बैठकीत या. वही आणा. सपत्नीक या."

मंदाकिनीबाईंनी त्या दिवशी नारायणपेठी नेसली आणि घड्याळ रुमालात गुंडाळून घेतले. मलाही त्यांनी बरोबर नेले. चाळीसेक माणसे होती. बाई मागच्या रांगेत, प्रोफेसरांच्या पत्नीशेजारी बसल्या. गोपाळराव उभे राहिले. मी त्यांना तोवर सभेत उभे राहिलेले पाहिले नव्हते. हात कुठे ठेवावेत, ते त्यांना कळत नव्हते. पण वही उघडली आणि आवाज स्थिरावला. चार बुवा, चार स्वभाव, एकेकाचा श्वास. मंडळी कान देऊन ऐकू लागली. शेवटी ते म्हणाले, "आणि सगळ्यांत धीराचे व्हिएन्नाचे. संथ भाग दहा मिनिटं पाच सेकंद."

"नऊ सत्तेचाळीस," प्रोफेसर खुर्चीतून म्हणाले.

"जी?"

"माझ्याकडे तोच डबा आहे. नऊ मिनिटं सत्तेचाळीस सेकंद. म्हणजे तुमच्या बर्लिनपेक्षा ते जलद आहेत. वेग कसा लावता तुम्ही?"

गोपाळरावांनी पेटी, पांढरी एक आणि दांडा, सगळे सांगितले. प्रोफेसरांनी आपल्या विजेच्या यंत्रावर एक ठिपक्यांची चकती ठेवून दाखवली. दिव्याखाली ठिपके स्थिर दिसले की मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे, न कमी न जास्त. मग चष्मा पुसत ते म्हणाले, "खांबेटे, तबकडीचा वेग ती बनवणारा ठरवतो. पृथ्वी तुमच्या पेटीभोवती फिरत नाही."

दिवाणखाना हसला. मीही हसलो. हे लिहिताना लपवीत नाही. त्या चाळिसांत माझाही आवाज होता, आणि तो देवाच्या वहीत लिहिला गेला आहे.

गोपाळरावांचा चेहरा उतरला. निर्वाणीच्या क्षणी माणूस देवाचे नाव घेतो, नाही तर दुसऱ्या कोणाचे तरी. ते म्हणाले, "त्याचं असं आहे, घड्याळ आमच्या मंडळींनी धरलं होतं. बायकांचं लक्ष कुठे तरी असतंच. चुकलं असेल."

पुन्हा हशा झाला, आधीपेक्षा सैल, आपलेपणाचा. आणि गोपाळराव त्या हशात तरून गेले. मी मागे वळून पाहिले. मंदाकिनीबाई कोणाकडेच पाहत नव्हत्या. त्यांनी रुमालाची गाठ सोडली होती आणि त्या सेकंदकाट्याकडे पाहत होत्या.

लकडी पुलावरून आम्ही तिघे चालत आलो. बाई दोन पावले पुढे. पूल संपता संपता त्या न थांबता म्हणाल्या, "वडिलांचं घड्याळ ट्रंकेत ठेवते. घरात भिंतीवरचं आहेच." एवढेच. रडणे नाही, रागावणे नाही. पुढच्या रविवारी तबकड्या पुसल्या गेल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. ग्रामोफोन खाटेखाली गेला, वही ट्रंकेत गेली.

संसार चालला. चहा वेळेवर, जेवण वेळेवर, सणवार यथासांग. पण गोपाळरावांनी सहज विचारले, "किती वाजले गं?" तर बाई हातातले काम न थांबवता म्हणत, "बायकांचं लक्ष नसतं हो. शेजारी विचारा." प्रथम ऐकणारा हसे. मीही एकदा हसलो होतो. एकोणीस वर्षे तेच वाक्य, त्याच आवाजात, कमी नाही, जास्त नाही; आणि एकोणीस वर्षे गोपाळराव खरोखर उठून शेजारच्या आनंदीबाईंच्या दारात जात आणि घड्याळ पाहून येत.

एकदा कीर्तनानंतर पेटीला खोळ घालताना ते मला म्हणाले, "बुवा, वेगाचा दांडा माझ्या हातात होता, घड्याळ तिच्या. वेग चुकीचा लावला असेल, तर चूक दांड्याची. घड्याळाची कशी? हे मला त्या दिवाणखान्यातच कळलं होतं. तोंडातून शब्द बाहेर पडायच्या आधी कळलं होतं."

"मग घरी जाऊन एवढंच सांगा."

"दुसऱ्याला सूर देता येतो. हे देता येत नाही."

मी कीर्तनकार. क्षमेवर तासभर बोलणारा. त्या माणसाचा हात धरून त्याला घरी घेऊन जाणे माझ्याच्याने झाले नाही. म्हटले, त्यांचे ते पाहतील.

पंच्याऐंशी साली मंदाकिनीबाईंना अर्धांगाचा झटका आला. इस्पितळात त्या नऊ दिवस होत्या. बोलणे जड झाले होते, शब्द तुटक येत. आठव्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले आणि विचारले, "किती वाजले?"

एकोणीस वर्षांत हा प्रश्न प्रथमच तिकडून आला होता. गोपाळरावांनी वॉर्डातल्या घड्याळाकडे पाहिले. "आठ वाजून दहा मिनिटं."

बाईंच्या ओठांचा अर्धा भाग हलला. "नक्की?"

गोपाळराव मला म्हणत, तो टोमणा होता की लाड होता, ते अजून ठरवता येत नाही. ते बोलणारच होते. शब्द जिभेवर आला होता. तेवढ्यात नर्स आली, अंथरूण बदलायचे म्हणून त्यांना बाहेर काढले; परत आले तो बाईंना झोप लागलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. हे परमेश्वरा, तू माणसाला जीभ दिलीस आणि तिच्या टोकाशी एवढा मोठा उंबरठा का ठेवलास?

चार वर्षांनी, एकोणनव्वदच्या श्रावणात, प्रोफेसर गोवंडे काठी टेकत कसब्यातल्या त्या दोन खोल्यांत आले. मी तिथेच होतो. संध्याकाळच्या कीर्तनाची पदे आम्ही लावून घेत होतो. प्रोफेसर जिना चढून दमले होते. पाणी पिऊन त्यांनी पिशवीतून एक चकचकीत लहान तबकडी काढली आणि तिच्याबरोबरची पुस्तिका.

"माझी मुलगी हेमा जर्मनीत असते. तिनं पाठवलं. व्हिएन्नाचंच आहे, तुमचंच. जुन्या तबकड्यांवरून नव्यानं काढलंय." त्यांनी पुस्तिकेत बोट ठेवले. "इथं लिहिलंय, त्या काळी ध्वनिमुद्रणाचं यंत्र हळू फिरत असे. डब्यावर अठ्ठ्याहत्तर छापलं, पण मूळ तबकडी शहात्तरच्याही खाली कापलेली. तज्ज्ञांनी खरा वेग कसा शोधला, ठाऊक आहे?"

गोपाळरावांनी पेटीचा भाता मिटला.

"सुरावरून," प्रोफेसर म्हणाले. "रचना ज्या सुरात लिहिली, त्या सुराला तबकडी जुळवून घेतली. तेवीस वर्षांपूर्वी तुम्ही सांगितलंत तसंच. मी चुकलो होतो, खांबेटे. आणि चाळीस माणसांसमोर तोंड वर करून चुकलो होतो."

"संथ भाग?" गोपाळरावांनी विचारले.

"दहा मिनिटं चार सेकंद."

गोपाळरावांनी ट्रंक उघडली. साड्यांच्या घडीखाली निळी वही होती. पान काढून त्यांनी आकड्यावर अंगठा ठेवला. दहा मिनिटे पाच सेकंद. मंदाकिनीबाईंचे अक्षर, पाचाचा आकडा थोडा डावीकडे झुकलेला. 

"एक सेकंद कुठे गेला?" ते म्हणाले.

"छापणाऱ्याचा असेल."

"असेल. गार्डाच्या मुलीचा नसेल."

प्रोफेसरांनी मान खाली घातली. "मंदाकिनीबाईंनाही सांगायचं होतं. त्या दिवशी मी त्यांच्याकडेच पाहिलं होतं. मग पाहवलं नाही."

"चार वर्षं उशीर झाला, प्रोफेसर. पण तुमचं एक बरं आहे. तुम्ही आज आलात. मी तर एकाच खोलीत होतो, तरी पोचलो नाही." मग वही मिटत म्हणाले, "तुमची चूक वेगाची. ती दुरुस्त झाली, तशी छापूनही आली. मी तिच्यावर घेतलेला आळ कोण दुरुस्त करून छापणार?"

प्रोफेसर गेले नाहीत. संध्याकाळी ते आमच्याबरोबर देवळात आले आणि पुरुषांच्या बाजूला मागे बसले. समोर डाव्या हाताला बायका बसत. तिथल्या तिसऱ्या खांबाशी मंदाकिनीबाईंची जागा होती. त्यांच्या माघारी ती कोणी घेतली नव्हती. आनंदीबाई तिथे शेजारी बसत आणि एवढी जागा मोकळी सोडत.

पूर्वरंग झाला. मध्यंतर झाले. माझ्या गळ्यात हार पडला, बुक्का लागला, नामाचा गजर उठला आणि शांत झाला. आता आख्यानाला सुरुवात करायची. मी हात जोडून मागच्या सुराची वाट पाहिली. सूर आला नाही. वळून पाहतो, तर गोपाळरावांनी भात्यावरचा हात काढला होता आणि ते उठून उभे राहत होते. एकोणतीस वर्षांत पेटीवाला उभा राहिला नव्हता. देवळात कुजबूज झाली.

त्यांनी खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि घड्याळ पेटीवर ठेवले. किल्ली दिलेली होती. ते चालू होते.

"बुवांची क्षमा मागून दोन शब्द बोलतो," ते म्हणाले. आवाज लहान होता, पण शांततेत पोचत होता. "माझी मंडळी इथे बसायची. तेवीस वर्षांपूर्वी चार लोकांत माझी फजिती झाली. ती टाळायला मी म्हणालो, घड्याळ हिनं धरलं होतं, हिचं चुकलं. ते खोटं होतं. बोलताना मला ठाऊक होतं. चार लोकांत बोललो, म्हणून चार लोकांतच सांगतो. घड्याळ बरोबर होतं. सेकंदाला बरोबर होतं. एवढंच."

ते बसले.  मागे प्रोफेसर दोन्ही हात काठीवर ठेवून उभे राहिले होते.

तेव्हा खांबाशी बसलेल्या आनंदीबाई, ज्यांच्या दारात एकोणीस वर्षे गोपाळराव वेळ विचारायला गेले होते, त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आम्हाला ठाऊक होतं, गोपाळराव."

"काय ठाऊक होतं?"

"तीच सांगायची. म्हणायची, माझं घड्याळही बरोबर होतं आणि ह्यांचा कानही बरोबर होता. चूक त्या बंगल्याची. घड्याळावर आळ घेतला, त्याचं तिला एवढं नव्हतं हो. म्हणायची, चार इंग्रजी शब्द ऐकून हे स्वतःचा कान तिथंच ठेवून आले. तो परत आणायला जातील, म्हणून मी वाट बघतेय."

गोपाळरावांनी ऐकले. त्यांचे डोळे पेटीवरच्या घड्याळावर होते. सेकंदकाटा एक फेरी पुरी करून दुसऱ्या फेरीला लागला, तरी ते हलले नाहीत. ज्या बाईला आपण चूक ठरवले, ती आपल्याला एक दिवसही चूक समजली नव्हती. एकोणीस वर्षे ती वेळ सांगत नव्हती, कारण ती वाट पाहत होती. आणि गोपाळराव शेजारी जाऊन वेळ विचारत राहिले.

मग त्यांनी भात्याला हात लावला आणि सूर धरला. ती माझी काळी दोन नव्हती. पांढरी एक होती. माझ्या गळ्याला ती खाली पडत होती. त्या सुरात माझा आवाज खुलत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? मी वळून पाहिले. त्यांचे डोळे मिटलेले होते. बोट पांढरीवर होते आणि भाता इतका सावकाश चालला होता, की त्याची ये-जा श्वासासारखी ऐकू येत होती.

मी सूर बदलून मागितला नाही. खालच्या पट्टीत, माझा आवाज जिथे घोगरा होतो तिथे, मी आख्यानाची पहिली ओवी उचलली. घाई केली नाही. एकेक शब्द त्या सुरावर ठेवत गेलो. ओवी संपली, तरी मागचा सूर संपला नाही. तिसऱ्या खांबाशी आनंदीबाईंनी मोकळ्या जागेवर हात टेकवला होता, आणि पेटीवर घड्याळ चालत होते.